पाच रिमोटचा एक होत नाही, सहा होतात



दिवाळी जवळ आली की मुलं-सुना विचारायला लागतात, "आई, घरात काय हवंय?" या वर्षी आपल्या मंडळातल्या तीन घरांतून माझ्याकडे एकच प्रश्न आला. "मुलगा म्हणतोय, सगळ्यांचा मिळून एक भारी युनिव्हर्सल रिमोट घेऊ. पंधरा-वीस हजारांचा आहे. घेऊ का गं?" मी बी.कॉम. झालेली, म्हणून हिशेबाचे प्रश्न फिरून फिरून माझ्याच दारात येतात. तिघींना मी एकच उत्तर दिलं, घेऊ नका. का घेऊ नका, ते फोनवर नीट सांगता येत नाही, आणि मधेच कुकरची शिट्टी होते. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी एक मान्य करते. त्रास खरा आहे. तुमच्या टीपॉयवर नजर टाका. टीव्हीचा एक रिमोट, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, टीव्हीच्या मागे खोचलेल्या स्टिकचा तिसरा, साउंडबार असेल तर त्याचा चौथा. शिवाय नवा बीएलडीसी पंखा घेतला असेल तर त्याचा पाचवा. जुना पंखा ७५ वॅट खायचा, हा २८-३० वॅटमध्ये भागवतो, म्हणून तो घेतला ते चांगलंच केलं. पण त्याला भिंतीवर रेग्युलेटर लागत नाही, वेग कमी-जास्त करायचा तो रिमोटनेच. एसीचा रिमोट तर भिंतीला वेगळाच लटकलेला.

आमच्या लग्नाच्या वेळच्या टीव्हीला लाकडी शटर होतं आणि चॅनेल बदलायला कटकट आवाज करणारी खुंटी. रिमोट म्हणजे घरातलं धाकटं मूल. "ऊठ रे, आवाज कमी कर" म्हटलं की ते उठायचं. पुढे केबल आली, मग सरकारने केबल डिजिटल करायचं ठरवलं. पुण्यासह ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ ची मुदत होती. नंतरच्या टप्प्यांत तो बॉक्स आपल्या मावळातल्या गावांपर्यंतही आला. तेव्हापासून एका टीव्हीला दोन रिमोट झाले, चालू करायला एक आणि चॅनेल बदलायला दुसरा. तेव्हा बायांनो, "आईला रिमोट जमत नाही" असं कोणी म्हणालं तर मान खाली घालू नका. हा गुंता तुमच्या वेंधळेपणाचा नाही. प्रत्येक कंपनीने आपापली वस्तू आपापल्या भाषेत बोलायला शिकवली, त्याचा तो गुंता आहे.

आता या गुंत्यावर उपाय म्हणून दुकानदार आणि आपली शिकलेली मुलं काय सांगतात? "आई, पाच रिमोट जाऊन एकच राहील. तुमच्याच धर्मात सांगितलंय ना, वस्तू कमी करा म्हणून!" हे वाक्य मी दोन वेळा ऐकलं आहे आणि दोन्ही वेळा ते मोठ्या खुशीत म्हटलं गेलं. अपरिग्रहाच्या नावाने वीस हजारांची खरेदी! म्हणून आधी याच वाक्याचा हिशेब करू.

पाच जाऊन एक राहतो का? राहत नाही. नव्या रिमोटच्या यादीत तुमचा स्थानिक केबलवाल्याचा बॉक्स किंवा बिननावाचा पंखा नसला, तर त्याला जुन्या रिमोटकडून प्रत्येक बटण शिकवावं लागतं. म्हणजे जुना रिमोट जपून ठेवणं आलं. टीव्हीच्या आतली एखादी सेटिंग बदलायची, तर तिचं बटण पुष्कळदा मूळ रिमोटवरच सापडतं. दुरुस्तीला माणूस आला की तो पहिल्यांदा म्हणतो, "कंपनीचा रिमोट द्या." स्टिकची तर आणखी वेगळी तऱ्हा. तिचा रिमोट प्रकाशाने बोलत नाही, ब्लूटूथने बोलतो. नुसत्या इन्फ्रारेडवर चालणारा युनिव्हर्सल रिमोट तिच्यापुढे मुका. एसीचं म्हणाल तर त्याचा रिमोट दर दाबासरशी तापमान, पंख्याचा वेग, कूल की ड्राय, ही सगळी माहिती एकदम पाठवतो. त्याची नक्कल दोन-चार बटणं शिकवून होत नाही.

मग होतं असं की पाच जुने रिमोट ड्रॉवरमध्ये जातात आणि टीपॉयवर सहावा येऊन बसतो. ड्रॉवरमधल्या पाचांचे सेल काढायला कोणी लक्षात ठेवत नाही. आपल्या औंढ्याच्या दमट हवेत ते सेल फुटून आतल्या स्प्रिंगा हिरव्या होतात. गरज पडेल तेव्हा मूळ रिमोटही गेलेला असतो.

आणि मैत्रिणींनो, वस्तू ड्रॉवरमध्ये गेली म्हणून परिग्रह कमी होत नाही. परिमाणाच्या वहीत ड्रॉवरला सूट नाही. शिवाय परिग्रह मोजायचा तो नगांवर नाही, त्या वस्तूत आपला जीव किती अडकला त्यावर. तीनशेचा रिमोट नातवाच्या हातून पडला तर आपण उचलून ठेवतो. वीस हजारांचा पडला तर पोराच्या पाठीत धपाटा बसतो. तो धपाटा म्हणजे परिग्रह. हे ज्याला कळलं त्याने अपरिग्रहाचं नाव घेऊन महाग वस्तू विकायला येऊ नये.

दुसरा मुद्दा, हा रिमोट चालतो कसा आणि बिघडतो कसा. हे समजून घेतलं की जाहिरातीची भूल उतरते. साध्या रिमोटच्या टोकाला बारीक दिवा असतो. त्याचा इन्फ्रारेड प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. बटण दाबलं की तो सेकंदाला साधारण ३८,००० या वेगाने लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याच्या लांब-आखूड तुकड्यांतून टीव्हीला निरोप जातो. हा निरोप एकतर्फी असतो. टीव्ही उलट काही बोलत नाही. पोस्टकार्ड पेटीत टाकावं तसं. पोचलं की नाही, ते टाकणाऱ्याला कळत नाही.

आता बहुतेक उपकरणांना चालू-बंदचं बटण एकच असतं. म्हणजे निरोपही एकच, "चालू असशील तर बंद हो, बंद असशील तर चालू हो." महागड्या रिमोटवर "टीव्ही पाहा" असं एक बटण असतं. ते दाबलं की तो पाठोपाठ चार निरोप धाडतो: टीव्ही चालू, बॉक्स चालू, साउंडबार चालू, टीव्हीचा इनपुट बदल. याच सुखाचे पैसे तो घेतो. पण त्या चार सेकंदांत मधून कोणी चहाचा ट्रे घेऊन गेलं, चालू करायचा एक निरोप हुकला, की दोन वस्तू चालू आणि एक बंद. पुन्हा दाबा, दोन बंद आणि एक चालू. रिमोट मनात म्हणतो सगळं चालू आहे, समोर पडदा काळा. हा दोष त्या कंपन्यांनाही ठाऊक असतो. हार्मनी नावाच्या प्रसिद्ध रिमोटवर त्यासाठी "हेल्प"चं खास बटण होतं. ते दाबलं की रिमोट विचारायचा, टीव्ही चालू झाला का? आवाज येतोय का? पाच रिमोट नकोत म्हणून घेतलेल्या रिमोटला आपणच उत्तरं द्यायची!

लोणावळा-मावळच्या पावसात तर हा खेळ रोजचा होईल. आषाढ-श्रावणात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते-येते ते मी तुम्हाला सांगायला नको. लाइट परत आली की काही बॉक्स आपोआप चालू होतात, टीव्ही मात्र बंद राहतो, साउंडबारचं तिसरंच काही. महागड्या रिमोटच्या वहीत लाइट गेल्याची नोंदच नसते. त्याचा हिशेब चुकतो तो तिथून. त्यात वायफायवर चालणारा हब असेल तर राउटर बंद पडला की फोनवरून चालवायचं राहिलंच. आपले साधे दोन रिमोट? दोन सेल घातले की इंटरनेट असो-नसो, काम करतात.

तिसरा मुद्दा सर्वांत मोठा आहे. महागडा युनिव्हर्सल रिमोट ही वस्तू तुम्ही विकत घेता, पण तिचा प्राण कंपनीकडे राहतो. साध्या रिमोटचे निरोप त्याच्या पोटातल्या चिपमध्ये असतात. हार्मनीसारख्या रिमोटचे निरोप कंपनीच्या कॉम्प्युटरवर साठवलेले. घरात नवा टीव्ही आला, की त्या कॉम्प्युटरला विचारल्याशिवाय रिमोटला तो टीव्ही ओळखता येत नाही.

याचा इतिहास ऐका. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी १९८७ साली "कोअर" नावाचा युनिव्हर्सल रिमोट आणला. कॉम्प्युटर घडवणाऱ्या माणसाची वस्तू, तरी ती घराघरांत काही पोचली नाही. फिलिप्सने १९९८ साली "प्रॉन्टो" आणला, स्पर्शाच्या पडद्याचा, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतला. २०१० साली तो बंद केला. हार्मनी हा मूळ कॅनडातल्या कंपनीचा रिमोट. लॉजिटेकने ती कंपनी २००४ साली विकत घेतली आणि हार्मनी जगभर नावाजला. त्याचा सगळ्यात भारी नमुना, एलिट, २०१५ साली ३५० डॉलरला होता. तेव्हाच्या दराने वीस हजारांच्या वर. आणि एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकने जाहीर केलं की हार्मनी रिमोट आम्ही आता बनवणार नाही. वापरणारे आहेत तोवर जुन्यांना आधार देऊ, असं त्यांनी म्हटलं. ते पाळतीलही. पण वीस हजार मोजून घेतलेली वस्तू कोणाच्या मर्जीवर चालते आहे, हे त्या दिवशी साऱ्यांना कळलं.

त्याआधीचा एक प्रसंग तर याहून बोलका आहे. हार्मनी लिंक नावाची त्यांची एक छोटी पेटी होती, फोनवरून टीव्ही चालवायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने कळवलं की १६ मार्च २०१८ पासून ही पेटी चालणार नाही. पेटी बिघडली नव्हती, सेल संपला नव्हता, कोणी पाडली नव्हती. कंपनीने आपल्या बाजूची सेवा थांबवली की लोकांच्या घरातली धडधाकट वस्तू निकामी! लोक चिडले, गवगवा झाला, तेव्हा कंपनीने लिंकवाल्यांना नवा हब फुकट दिला. पैसे वाचले, ठीक. पण तुमच्या घरात ठेवलेल्या, तुम्ही दाम मोजलेल्या वस्तूला दूरच्या कोणीतरी "उद्यापासून बंद" म्हणावं आणि ती बंद पडावी, याला मालकी म्हणायचं का? आपल्या घरातलं पोळपाट-लाटणं असं कोणी बंद करू शकतं का?

एवढी बलाढ्य कंपनी सोडून गेली, तर आज ऑनलाइन दिसणाऱ्या नव्या नव्या कंपन्या किती दिवस टिकतील, याचा विचार प्रत्येकीने करावा. आणि त्यातल्या पुष्कळ वस्तू परदेशातून मागवलेल्या. बिघडल्यावर कुठे न्यायची? लोणावळ्याच्या बाजारात? तिथला दुरुस्तीवाला तुमच्या जुन्या रिमोटचं रबर बदलून देईल, या रिमोटचं झाकणसुद्धा उघडणार नाही.

चौथा मुद्दा बायकांचा आहे आणि माझ्या मनाला लागणारा आहे. आपल्या औंढ्याच्या आसपास मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले झाले आहेत, ते तुम्ही पाहताच. काहींत सिनेमा बघायची वेगळी खोली असते. अशाच एका बंगल्यातली मालकीणबाई ओळखीची आहे. तिच्या मुलाने मोठा रिमोट बसवून घेतला. बसवणाऱ्या माणसाने आपल्या लॅपटॉपवरून सगळं जुळवून दिलं. मुलगा असला की छान चालायचं. एका शनिवारी ती आणि तिच्या सासूबाई दोघीच आल्या. पडद्यावर चित्र, आवाज नाही. मुलगा परदेशी दौऱ्यावर. बसवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. बंगला सांभाळणाऱ्या ताईंनी जुने रिमोट शोधले, तर ते कपाटात बंद आणि किल्ली मुंबईत. दोन दिवस त्या स्वतःच्या घरात टीव्हीपुढे पाहुण्यांसारख्या बसून राहिल्या.

यातली गोम लक्षात घ्या. पाच साधे रिमोट गोंधळाचे खरे, पण ते कोणाच्याही हातात चालतात. महागडा रिमोट ज्याने जुळवला त्याच्याच हातात नीट चालतो. मुलगा किंवा नवरा घरात नसला की घरातली बाई परावलंबी. आणि सगळ्यात जास्त कोंडी होते ती म्हाताऱ्या माणसांची. आपल्या किती घरांत वयस्क सासूबाई सकाळी पारस किंवा जिनवाणी चॅनेल लावून प्रवचन ऐकतात! गुडघ्यांमुळे स्थानकात किंवा मंदिरात रोज जाणं होत नाही, तेव्हा तोच त्यांचा आधार. त्यांच्या बोटांना बटणाचा उंचवटा लागतो. न पाहता कळणारी जागा लागते. काचेच्या पडद्यावर सरकणारी चित्रं त्यांच्या कामाची नाहीत. प्रवचनाची वेळ टळली की ती टळली. सुनेला हाक मारावी तर ती डबे भरण्याच्या घाईत. मग त्या गप्प बसतात. घरातल्या सर्वांत वडील माणसाला गप्प बसवणारी वस्तू कितीही देखणी असली तरी मी तिला सोय म्हणणार नाही.

१९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने रॉबर्ट ॲडलर यांनी रचलेला रिमोट काढला. त्यात सेलच नव्हता. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आदळायची, आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज टीव्हीला निरोप द्यायचा. बटणं मोजकी. कोणीही उचलावा आणि दाबावा. तिथून आपण निघालो आणि रिमोट रोज रात्री चार्जिंगला लावायचा, इथे येऊन पोचलो.

आता माझा आवडता भाग, आकडे. रिमोट वीस हजारांचा धरू आणि आयुष्य पाच वर्षं. सरळ रेषेच्या पद्धतीने घसारा वर्षाला चार हजार, म्हणजे दिवसाला जवळजवळ अकरा रुपये. रोज अकरा रुपये कशासाठी? दुसरा रिमोट उचलायला लागू नये यासाठी. पाच वर्षांनी मोडीची किंमत शून्य, कारण जुना हबवाला रिमोट घेतो कोण? तेच वीस हजार सात टक्क्यांनी ठेवीत राहिले असते तर पाच वर्षांनी अठ्ठावीस हजार झाले असते. हब चोवीस तास विजेवर असतो. तो दोनच वॅट घेतो असं धरलं तरी वर्षाचे साडेसतरा युनिट होतात, आणि एकाच बटणात सगळं बंद झालं असं वाटून भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय सुटते ती वेगळीच. रक्कम मोठी नाही, मान्य. पण आपण तेउकायाची जाण ठेवणाऱ्या घरांतल्या बाया. कोणी बघत नसताना, कोणाच्या उपयोगी पडत नसताना जळणारी वीज, यालाच आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात.

टीव्ही आणि मत्सर यांचं नातं जुनं आहे, हेही जाता जाता सांगते. ओनिडा ही मुंबईची कंपनी. तिच्या जाहिरातीतला शिंगं आणि शेपूटवाला सैतान आपल्या पिढीला आठवत असेल. शेजाऱ्याच्या जळफळाटावर त्याने टीव्ही विकला, आणि उघडपणे विकला. आजचा विक्रेता जास्त हुशार. तो मत्सराचं नाव घेत नाही, साधेपणाचं नाव घेतो. माल मात्र त्याच दुकानातला.

"मग आम्ही काय पाच रिमोट कुरवाळत बसायचं?" असं तुम्ही विचाराल. नाही. पुढचं सगळं फुकटात किंवा दोन-चारशे रुपयांत होतं.

पहिलं. टीव्ही आणि बाकी वस्तू एचडीएमआय केबलने जोडल्या असतील, तर त्या केबलमधूनच एकमेकींना निरोप द्यायची सोय असते. तिला सीईसी म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सॅमसंगमध्ये ती एनीनेट प्लस नावाने असते, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. ती चालू करा. स्टिक चालू केली की टीव्ही आपोआप जागा होतो आणि टीव्हीच्या रिमोटनेही स्टिक बरीचशी चालते. साउंडबार टीव्हीच्या ज्या जागी एआरसी असं लिहिलेलं असतं तिथे जोडा, म्हणजे आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. दोन रिमोट इथेच कमी झाले. केबलचे सगळे बॉक्स ही सोय देत नाहीत, त्यांच्यासाठी पुढचा उपाय.

दुसरं. तुमच्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट उलटसुलट करून नीट पाहा. बऱ्याच रिमोटवर चार-पाच बटणं वेगळ्या चौकटीत असतात आणि तिथे "टीव्ही" आणि "सेट" असं लिहिलेलं असतं. ती शिकणारी बटणं आहेत. साधारण रीत अशी: सेट दाबून धरायचं, दिवा स्थिर लागला की शिकवायचं बटण दाबायचं, टीव्हीचा रिमोट समोर टोकाला टोक येईल असा धरून त्याचं तेच बटण दाबायचं, दिवा लुकलुकला की झालं. चालू-बंद, आवाज कमी, आवाज जास्त आणि इनपुट एवढी चार शिकवली की रोजचं काम एका रिमोटवर येतं. खर्च शून्य.

तिसरं. रिमोट खरंच गेला असेल तर बाजारात दीडशे ते चारशे रुपयांत त्याच्या जोडीचा मिळतो. पण गेला की नाही ते आधी तपासा. फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. फोनच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसला तर रिमोट जिवंत आहे. दिसला नाही तर आधी सेल बदला, सेलच्या जागेतल्या पट्ट्या कोरड्या कापडाने किंवा खोडरबराने पुसा. पावसाळ्यात निम्मे रिमोट तेवढ्यानेच बरे होतात. हे काम ब्लूटूथच्या रिमोटला लागू नाही, त्याचा ठिपका दिसेलच असं नाही.

चौथं. चालू-बंदच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका, आवाजाच्या बटणावर पांढरा. प्रत्येक रिमोटच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेली चिकटपट्टी. आणि सगळ्यांना मिळून एक वेताची टोपली. रोज वापरात नसलेल्या रिमोटचे सेल काढून ठेवा. संपलेले सेल ओल्या कचऱ्यात टाकू नका, वेगळे द्या.

आता न्यायाने बोलायचं तर महागडा रिमोट कोणाला लागतो, तेही सांगते. प्रोजेक्टर, ॲम्प्लिफायर, पडदे, दिवे, सगळं एका खोलीत आणि यंत्रं बंद कपाटात, असं ज्यांचं खरंच आहे, त्यांचं काम दोनशेच्या रिमोटने होणार नाही. कपाटाच्या दारातून प्रकाश आत जात नाही, तिथे रेडिओ लहरींवर चालणारा हबच हवा. त्यांनी घ्यावा. पण घेण्याआधी चार प्रश्न विचारावेत. इंटरनेट नसताना चालतो का? बटणं खरी आहेत की काचेवर काढलेली? निरोप त्याच्या स्वतःच्या पोटात राहतात की कंपनीकडे? आणि बसवणारा गेला तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तो पुन्हा जुळवता येईल का? एकाही प्रश्नाला दुकानदाराने "ते ॲपवरून होईल" असं उत्तर दिलं तर नमस्कार करून बाहेर या. घरात पक्षाघाताने हात अधू झालेलं किंवा कंप असलेलं माणूस असेल तर मोठ्या पाच-सहा बटणांचा साधा शिकणारा रिमोट घ्या. तो स्वस्त असतो, आणि अशा घरात खरी सोय त्याचीच.

वीस हजार देऊ करणाऱ्या मुलाचं मन मला कळतं. तो दूर असतो, आईचे हाल त्याला बघवत नाहीत, आणि पैसे पाठवणं वेळ काढण्यापेक्षा सोपं असतं. त्याला दुखवू नका. त्याला सांगा, रिमोट राहू दे, येशील त्या रविवारी अर्धा तास काढ. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी चालू कर, बॉक्सच्या रिमोटला चार बटणं शिकव, आणि हे सगळं आजीकडून तिच्या हाताने तीन वेळा करून घे. तिला जमलं की उठ. आणि ते वीस हजार खर्चायचेच असतील तर गावातल्या एखाद्या मुलीची वर्षाची फी भर. तिचा घसारा शून्य.